अंथरूण कुणी मोजलं?

मुंबईच्या विमानतळावर दुबईहून येणारं एअरबस ए-३८० हे दुमजली विमान अनेकांनी पाहिलं असेल. त्याच्या पंखांचा विस्तार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, ७९.७५ मीटर आहे. हा आकडा विमानतळांच्या नियमावलीतून आला. सर्वांत मोठ्या विमानांसाठी तिथे ८० मीटरची मर्यादा आखलेली आहे. विमान गेटपर्यंत आणण्याचे रस्ते, शेजारी उभ्या असलेल्या दोन विमानांमधली जागा, सगळं त्या मर्यादेवर बेतलेलं असतं. ए-३८० च्या अभियंत्यांनी पंख त्या चौकटीत बसवले आणि २५ सेंटिमीटर शिल्लक ठेवले. एवढ्या वजनाच्या विमानाला आणखी लांब, सडपातळ पंख दिले असते तर हवेची ओढ कमी झाली असती, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. पंखांचा विस्तार आणि त्यांची सरासरी रुंदी यांचं गुणोत्तर या विमानात साडेसातच्या आसपास आहे. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० मध्ये ते साडेनऊच्या घरात जातं.

काही वर्षांनी बोइंगपुढे ७७७ ची नवी आवृत्ती घडवताना हाच पेच आला. इंधन वाचवायचं तर ७१.७५ मीटरचे पंख हवे होते, पण जुनं ७७७ ज्या गेटांवर उभं राहत होतं त्यांची मर्यादा ६५ मीटरची होती. बोइंगने पंखांच्या टोकांना बिजागऱ्या बसवल्या. विमान उतरलं की टोकं वर दुमडतात आणि विस्तार ६४.८५ मीटरवर येतो. जानेवारी २०२० मध्ये या विमानाने पहिलं उड्डाण केलं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपण मुलांना शिकवतो. एअरबसने अंथरुणाएवढेच पाय पसरले. बोइंगने विचारलं, की अंथरूण जमिनीवरच तोकडं आहे ना? मग हवेत असताना पाय का आखडायचे?

विमानं आणि रॉकेटं घडवण्याच्या कामात संगणकी ऑप्टिमायझेशनने, म्हणजे दिलेल्या अटींत सर्वांत चांगला आराखडा गणिताने शोधण्याच्या पद्धतीने, आज जे स्थान मिळवलं आहे ते तिने कमावलेलं आहे. मी ती शिकवतो आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. पण आपण ती शिकवतो तेव्हा सगळा भर पाय किती पसरायचे या गणितावर असतो. अंथरूण कुणी मोजलं, कधी मोजलं, ते बदलता येतं का, हे प्रश्न वर्गात उठतच नाहीत. माझ्या मते आराखडाकाराचं खरं काम तिथेच असतं, आणि यंत्र जसजसं हुशार होत जाईल तसतसं ते काम वाढत जाईल.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा संगणकाच्या आधीचा आहे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पंखांचा सिद्धांत मांडला. पंखाखाली दाब जास्त आणि वर कमी असतो, म्हणून टोकाशी हवा खालून वर वळते आणि मागे भोवरे सोडत जाते. विमान हवेत धरून ठेवण्याची ही किंमत असते. ती ओढीच्या रूपाने मोजावी लागते. ही ओढ कमीत कमी कधी होईल? पंखांचा विस्तार ठरावीक धरला तर उत्तर असं निघालं, की उचलणारं बल पंखभर लंबवर्तुळाच्या आकारात वाटलं जावं. हे उत्तर जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. आजही आपल्याकडचा विमानशास्त्राचा विद्यार्थी तोंडी परीक्षेत ते धडाधड सांगतो.

पण प्रांट्ल तिथे थांबले नाहीत. १९३३ साली एका छोट्या निबंधात त्यांनी स्वतःचीच अट उलटून पाहिली. विस्तार ठरावीक का धरायचा? लांब पंख महाग पडतो तो त्याच्या आतल्या तुळईच्या वजनामुळे. मग विस्तार मोकळा सोडून तुळईचं वजन ठरावीक धरू. आता निघालेलं उत्तर वेगळं होतं. पंख २२ टक्के जास्त लांब झाला, भार टोकांकडे घंटेच्या कडेसारखा हलका होत गेला आणि ओढ ११ टक्क्यांनी घटली. हवा तीच, शास्त्रज्ञ तोच, गणितही त्याच जातीचं. बदलली होती ती एक अट. तरीही पाठ्यपुस्तकांत पहिलं उत्तरच ‘सर्वोत्तम’ म्हणून राहिलं आणि दुसरं कितीतरी दशकं अडगळीत पडलं. अलीकडे नासाच्या आर्मस्ट्राँग केंद्रात अल बॉवर्स यांच्या गटाने घंटाकार भाराच्या पंखांची छोटी ग्लायडरं उडवली, तेव्हा त्या निबंधाकडे पुन्हा लक्ष गेलं. ‘सर्वोत्तम’ या शब्दापुढे त्याची अट लिहायची नाही, या सवयीने आपलं एवढं नुकसान केलं.

यंत्राचं काम चालतं कसं, हेही सांगायला हवं, कारण त्याविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत.

१९६४ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेखेनबर्ग यांनी विंड टनेलमध्ये एक गमतीदार प्रयोग केला. सहा पट्ट्या पाच बिजागऱ्यांनी जोडल्या. प्रत्येक बिजागरी ५१ वेगवेगळ्या कोनांत ठेवता येत होती. म्हणजे एकूण आकार झाले ३४ कोटी ५० लाखांहून जास्त. सगळे तपासणं अशक्य होतं. म्हणून यदृच्छेने थोडा बदल करायचा, ओढ मोजायची, कमी झाली तर तो बदल ठेवायचा, वाढली तर टाकून द्यायचा. नागमोडी घडी घातलेली पट्टी अशी बदलत बदलत जवळजवळ सपाट झाली. सपाट पट्टीची ओढ सर्वांत कमी असते हे आधीच माहीत होतं. आंधळी पद्धत तिथवर पोहोचते का, हे पाहायचं होतं. ती पोहोचली. उत्क्रांतीची नक्कल करणाऱ्या आजच्या अनेक पद्धतींचं मूळ अशा प्रयोगांत आहे.

दुसरी वाट उताराची. घाटमाथ्यावर दाट धुकं उतरलं आहे, दोन हातांपलीकडे दिसत नाही आणि दरीत उतरायचं आहे, असं समजा. पायाखाली जमीन कुठे कलते ते चाचपायचं आणि त्या बाजूला पाऊल टाकायचं. पंखाच्या आराखड्यात अडचण अशी, की इथे चाचपायच्या दिशा दोन-चार नसतात. पंखाचा आकार काहीशे आकड्यांनी सांगावा लागतो, आणि प्रत्येक दिशेला एकदा चाचपायचं म्हणजे प्रत्येक वेळी हवेच्या प्रवाहाचं भलंमोठं गणित नव्याने सोडवायचं. १९८८ मध्ये अँटनी जेमसन यांनी यातून मार्ग दाखवला. फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या नियंत्रण-सिद्धांताचा आधार घेऊन त्यांनी सिद्ध केलं, की प्रवाहाचं गणित एकदा सरळ आणि त्याचं जुळं गणित एकदा उलट्या दिशेने सोडवलं, की सगळ्या दिशांचे उतार एकदमच हाती येतात. आकडे दहा असोत की दहा हजार, खर्च जवळपास तेवढाच. पंखांचा आकार संगणकावर घडवणं व्यवहारात आलं ते मुख्यतः या युक्तीमुळे.

या गणितातून आणखी एक गोष्ट निघते आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. अठराव्या शतकात लाग्रांजने दाखवून दिलं होतं, की अटींत राहून उत्तर शोधलं की प्रत्येक अटीला एक आकडा चिकटून येतो. ती अट किंचित सैल केली तर किती फायदा होईल, हे तो आकडा सांगतो. गेटची चौकट एक मीटरने वाढली तर किती इंधन वाचेल? तुळई दहा किलोने जड चालली तर ओढ किती घटेल? ज्या अटीचा आकडा शून्य, ती अट असून नसल्यासारखीच. ज्या अटीचा आकडा मोठा, तिच्या मालकाशी जाऊन बोलायला हवं. म्हणजे अंथरुणाच्या प्रत्येक कडेची किंमत यंत्र आपल्या हातात ठेवतं. मी तपासलेल्या विद्यार्थ्यांच्या अहवालांत ही किंमत क्वचितच छापलेली असते. शेवटचा सुंदर रंगीत पंख मात्र मुखपृष्ठावर असतो.

एका वर्षी एका मुलाने छोट्या ड्रोनचा पंख असाच संगणकाकडून घडवून घेतला. उत्तर आलं ते कागदापेक्षा पातळ. तो म्हणाला, “सर, सॉफ्टवेअर बिघडलंय.” सॉफ्टवेअर ठणठणीत होतं. त्याने ओढ कमी करायला सांगितलं होतं आणि पंख मोडू नये हे सांगायचं राहून गेलं होतं. त्या मुलाचा यात फारसा दोष नाही. आमच्यापैकी कुणीच त्याला अटी लिहायला बसवलं नव्हतं.

हे नवशिक्यांचंच होतं असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे मार्क ड्रेला हे पंखांच्या आराखड्यातलं मोठं नाव. ज्या ‘डेडलस’ विमानाने १९८८ मध्ये केवळ माणसाच्या पायडलवर क्रीट ते सांतोरिनी हे ११५ किलोमीटरचं अंतर पार केलं, त्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९९८ च्या एका निबंधात त्यांनी दाखवलं, की एकाच वेगाला ओढ कमी करायला सांगितली तर यंत्र पंखाच्या पाठीवर नेमक्या जागी बारीकसा उंचवटा काढतं. त्या वेगाला ओढ खरोखर घटते. वेग थोडा इकडेतिकडे झाला की ती पूर्वीपेक्षा वाढते. चार वेग सांगितले तर यंत्र चारही जागा साधून घेतं आणि मधल्या वेगांना वाऱ्यावर सोडतं. कुठलंही विमान आयुष्यभर एकाच वेगाने, एकाच वजनाने उडत नाही, हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. ड्रेलांना तो उंचवटा चटकन खटकला, कारण पंखावरची हवा कशी वागते याची जाण त्यांच्या बोटांत मुरलेली होती.

आता एक आपलं, रॉकेटचं उदाहरण. इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटने ध्रुवीय कक्षेत उपग्रह न्यायचा तर श्रीहरिकोट्याहून दक्षिणेकडे झेपावायला हवं. पण दक्षिणेला श्रीलंका आहे. वापरून झालेले टप्पे लोकांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून रॉकेट आधी आग्नेयेकडे जातं आणि मग हवेतच वळण घेतं. त्या वळणात इंधन जळतं आणि तेवढा उपग्रहाचा भार कमी होतो. वळण कधी, किती आणि कोणत्या टप्प्यात घ्यायचं, हे ठरवण्यासाठी इस्रोच्या अभियंत्यांनी उत्तम गणितं केली. पीएसएलव्हीला हा वळसा परवडतो. एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटला मात्र तो फार जड जातो, कारण मुळात त्याच्याकडे द्यायला थोडंच असतं. कितीही गणित केलं तरी श्रीलंका जागची हलणार नव्हती. मग प्रक्षेपणाची जागाच हलवायचं ठरलं. २८ फेब्रुवारी २०२४ ला तमिळनाडूत तूतुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिणम इथे नव्या प्रक्षेपण केंद्राची कोनशिला बसली. तिथून थेट दक्षिणेला मोकळा समुद्र आहे. मला हा निर्णय ऑप्टिमायझेशनच्या इतिहासातला उत्तम धडा वाटतो. ज्या अटीची किंमत सर्वांत जास्त, तीच अट बदलली.

अटीची किंमत न पाहिल्याचं मोल किती असू शकतं हेही जगाने पाहिलं आहे. बोइंग ७३७ चा मूळ आराखडा १९६० च्या दशकातला, जमिनीपासून बुटका. नव्या ७३७ मॅक्सला मोठी, काटकसरी इंजिनं बसवायची होती. ती पंखाखाली मावेनात म्हणून पुढे आणि वर सरकवली गेली, आणि ठरावीक परिस्थितीत विमानाचं नाक वर जायचा कल वाढला. जुन्या ७३७ च्या वैमानिकांना नव्या विमानासाठी सिम्युलेटरवर प्रशिक्षण घ्यावं लागू नये, ही बाजाराने घातलेली अट होती. साउथवेस्ट या विमान कंपनीशी झालेल्या करारात, तसं प्रशिक्षण लागलं तर दर विमानामागे दहा लाख डॉलर द्यायची तरतूद होती. या अटीत बसण्यासाठी नाक आपोआप खाली ढकलणारी एमकॅस ही संगणकी यंत्रणा आली, आणि ती कोन मोजणाऱ्या एकाच संवेदकावर विसंबून होती. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियात मिळून ३४६ माणसं गेली. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने सप्टेंबर २०२० च्या अहवालात या सगळ्याची तपशीलवार नोंद केली आहे. प्रशिक्षणाची ती अट आराखडाकारांच्या टेबलावर आली तेव्हा ती गुरुत्वाकर्षणासारखी अटळ मानली गेली. ती अटळ नव्हती. माणसांनी घातलेली होती आणि माणसांना काढता आली असती.

आणखी एक गोष्ट गणित करणाऱ्याने मनावर कोरून ठेवावी. सर्वोत्तम उत्तर बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या अटीच्या अगदी कडेवर उभं असतं. काटकसर केली की शिल्लक उरत नाही. म्हणून ते उत्तर ठिसूळ असतं. गृहीत धरलेल्यापेक्षा जग थोडंसं वेगळं निघालं की ते कडेवरून खाली जातं.

७ सप्टेंबर २०१९ ची पहाट आपल्यापैकी अनेकांनी दूरचित्रवाणीपुढे जागून काढली. चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ हा लँडर चंद्रावर आदळला. पुढच्या यानाविषयी बोलताना इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी म्हटलं, की चांद्रयान-२ चा आराखडा यश गृहीत धरून केलेला होता, चांद्रयान-३ चा अपयश गृहीत धरून केला आहे. काय काय बिघडू शकतं याची यादी करायची आणि तरीही यान उतरेल असं पाहायचं. उतरण्यासाठीची जागा आधी ५०० मीटर लांब आणि तेवढीच रुंद होती. ती सुमारे चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद केली. पाय असे बळकट केले, की सेकंदाला तीन मीटर वेगाने टेकले तरी मोडू नयेत. इंधन वाढवलं, सौरपट्ट्या वाढवल्या, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं. लँडरचं वजन वाढलं. वजन हेच उद्दिष्ट धरून कुणी हा आराखडा तपासला असता तर त्याने तो नापास केला असता. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला. सोमनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलला होता तो प्रश्न. नव्या प्रश्नाचं उत्तर काढताना त्यांनीही संगणकच वापरले.

यावरून कुणी असं म्हणू नये, की मग जुन्या अनुभवी माणसाचा अंदाजच बरा. अंदाजाचा मी आदर करतो. नासाच्या लँग्ली केंद्रातले रिचर्ड व्हिटकॉम्ब हातात कानस घेऊन विंड टनेलमधले नमुने स्वतः घासत असत, आणि ध्वनीच्या वेगाजवळ उडणाऱ्या विमानांचा आकार त्यांनी दोनदा बदलून टाकला. पण व्हिटकॉम्ब पिढीत एखादाच होतो. शिवाय माणसाला सुचूच न शकणारी उत्तरंही असतात. नासाच्या एम्स केंद्रात उत्क्रांतीच्या पद्धतीने घडवलेला एक अँटेना २००६ मध्ये एसटी-५ या छोट्या उपग्रहांवर अवकाशात गेला. तो दिसायला वेडीवाकडी वळवलेली पेपरक्लिप. कुठल्याही अनुभवी अभियंत्याने तसा आकार काढला नसता, आणि तो कामाला चोख निघाला. अटी नीट लिहिलेल्या असल्या की यंत्र आपल्या कल्पनेच्या कुंपणापलीकडेही जातं. म्हणूनच त्या लिहिणारा माणूस तयार करणं एवढं महत्त्वाचं.

एके काळी आपल्याकडे अडचण यंत्रांची होती. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने हवेच्या प्रवाहाची गणितं सोडवण्यासाठी १९८६ मध्ये ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक स्वतः बांधला. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. ज्यांनी त्या काळात तासातासाने संगणकाची वेळ मागून कामं केली त्यांना प्रश्न नीट विचारणं भागच होतं, कारण चुकीच्या प्रश्नावर आठवडा वाया जात असे. आज तशी टंचाई नाही. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेलं ‘एसयू-२’ हे सॉफ्टवेअर कुणालाही फुकट मिळतं, आणि जेमसन यांची उलट्या गणिताची पद्धत त्यात तयार आहे. सांगली, नांदेड किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयातली मुलगी आपल्या लॅपटॉपवर रात्रभरात पंखाचा छेद सुधारून सकाळी मित्रांना दाखवू शकते. हे मोठं भाग्य आहे. पण यंत्र स्वस्त झालं तसा प्रश्नही स्वस्त झाला. एक अट विसरली तर पुन्हा चालवू, उत्तर विचित्र आलं तर दुसरी पद्धत लावू, असं चालतं. आणि अहवालात दहा पद्धतींची तुलना येते, अटींचं पान येत नाही.

म्हणून माझं आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांना आणि ड्रोन, रॉकेट, ग्लायडर बनवणाऱ्या विद्यार्थी-गटांना मनापासून सांगणं आहे. प्रकल्पाच्या अहवालात पहिल्या पानावर अटींचा तक्ता द्या. प्रत्येक अटीपुढे ती कुणी घातली ते लिहा: निसर्गाने, नियमाने, पैशाने, की फक्त मागच्या वर्षीच्या गटाने. तिची किंमत किती निघाली तो आकडा लिहा. कडेपासून किती जागा राखली आणि का, तेही लिहा. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न या तक्त्यावर विचारावा. मुलाने कोणती पद्धत वापरली हे नंतर विचारलं तरी चालेल. आणि ज्या अटीपुढे ‘कुणी घातली माहीत नाही’ असं लिहावं लागेल, ती मोकळी सोडून गणित पुन्हा एकदा चालवून पाहा.